अर्जाच्या आधी तुमचं काम पोहोचू द्या

मी भरतीचं काम करते. जागा निघाली की जाहिरात लिहिते, आलेले अर्ज वाचते आणि त्यांत हवी ती व्यक्ती मिळाली नाही की स्वतः इंटरनेटवर शोधायला बसते. या शोधात एक गोष्ट मला सतत खटकते. कामात तरबेज असलेली कितीतरी माणसं मला सापडतच नाहीत, कारण त्यांनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवलेलं असतं ते मी शोधते त्या शब्दांत नसतं. आणि जी सापडतात, त्यांतल्या बहुतेकांच्या प्रोफाइलवर 'मेहनती', 'होतकरू', 'संघभावना असलेला' असे शब्द असतात, पण केलेलं काम कुठेच दिसत नाही. या दोन्ही गोष्टी उमेदवाराच्या हातातल्या आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही कसं शोधतो

समजा मला गोदामाचा साठा सांभाळणारी व्यक्ती हवी आहे. मी लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या साइटवरच्या शोधात 'वेअरहाउस' किंवा 'इन्व्हेंटरी' टाकते, त्याला एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव जोडते, बहुतेकदा 'एसएपी', आणि मग शहर निवडते. शब्दांच्या मध्ये अँड, ऑर, नॉट ही इंग्रजी अव्ययं मोठ्या लिपीत घातली की शोध नेमका होतो. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालायचे. गुगलवरसुद्धा 'साइट' हा इंग्रजी शब्द, कोलन आणि लिंक्डइनचा पत्ता लिहून त्यापुढे हवे ते शब्द टाकले की फक्त तिथल्या प्रोफाइल समोर येतात. 'होतकरू' हा शब्द मी कधीच शोधलेला नाही. माझ्या ओळखीच्या इतर रिक्रूटरांनीही शोधलेला नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या दहा-बारा जाहिराती गोळा करा. अर्ज करायच्या जाहिराती वेगळ्या, या फक्त वाचण्यासाठी. सगळ्या एका कागदपत्रात चिकटवा आणि परत परत येणारे शब्द रंगवा: पदाचं नाव, सॉफ्टवेअर, प्रमाणपत्र, कामाचा प्रकार. त्यांतले जे तुम्हाला खरोखर लागू होतात तेच उचला आणि प्रोफाइलमध्ये त्याच रूपात लिहा. एकाच कामाला एक कंपनी 'कस्टमर सपोर्ट' म्हणते, दुसरी 'कस्टमर सक्सेस'. तुम्ही दोन्ही केलं असेल तर दोन्ही लिहा.

लिंक्डइनची हेडलाइन म्हणजे नावाखालची ओळ. तिला 220 अक्षरांची जागा असते. काहीच लिहिलं नाही तर तिथे आपोआप तुमचं शेवटचं पद आणि कंपनी येते, आणि अनेक जण ती तशीच ठेवतात. शोधाच्या यादीत फोटो आणि नाव यांच्या जोडीला आम्हाला हीच ओळ दिसते, म्हणून ती जपून लिहा. 'अनुभवी व्यावसायिक, नव्या संधीच्या शोधात' या ओळीत मी शोधीन असा एकही शब्द नाही. त्याऐवजी 'वेअरहाउस सुपरवायझर, इन्व्हेंटरी आणि सायकल काउंट, एसएपी, दोन पाळ्यांचं नियोजन' असं लिहिलं तर चार वेगवेगळ्या शोधांत तुमचं नाव येऊ शकतं. 'अबाउट' या भागाला 2600 अक्षरं मिळतात, पण उघडून पाहण्याआधी सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. बालपणापासूनची आवड तिथे नको. तुम्ही कोणतं काम करता, कोणासाठी करता आणि त्याने काय बदललं, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा.

'ओपन टू वर्क' बद्दल मला नेहमी विचारलं जातं. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती सगळ्यांना दिसते, दुसऱ्यात फक्त रिक्रूटरना कळतं. हिरवी पट्टी लावली की माणूस गरजू दिसतो असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नोकरी हवी आहे हे सांगण्यात कमीपणा कसला? मात्र सध्या नोकरीत असाल तर दुसरा प्रकार निवडा. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेतं, पण पूर्ण हमी देत नाही. साहेबांना कळणं तुम्हाला परवडणारं नसेल तर हे बटण बंदच ठेवा आणि फक्त हेडलाइन सुधारा. मजकूर नीट असेल तर शोधात तुम्ही तसेही याल.

रेझ्युमेबद्दल थोडक्यात. फाइल उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे तारखा एकीकडे, पदं दुसरीकडे, फोन नंबर गायब असा गोंधळ दिसला तर अर्ज साठवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही बहुधा तसंच दिसणार आहे. दोन रकान्यांची मांडणी, चित्रात लिहिलेली अक्षरं आणि कौशल्यापुढचे पाचपैकी चार तारे यांनी हा घोळ होतो. काही जण पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत की-वर्ड लपवतात. सॉफ्टवेअर फाइलचा साधा मजकूर काढून दाखवतं तेव्हा ते सगळं आमच्यासमोर उघड येतं आणि त्या माणसावरचा विश्वास तिथेच उडतो. कृपा करून तसं करू नका.

काम समोर ठेवा

साधारण 1482 साली लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्याचा मसुदा आजही आहे. त्यात क्रमांक घालून लिहिलेले मुद्दे आहेत: हलके, वाहून नेता येतील असे पूल, वेढा पडला असता खंदकातलं पाणी काढण्याचे उपाय, तोफा, झाकलेल्या गाड्या. चित्रकलेचा उल्लेख येतो तो अगदी शेवटी. स्वतःला सर्वात अभिमान कशाचा आहे हे त्याने आधी सांगितलं नाही. युद्धाच्या सावटात असलेल्या माणसाला काय हवं असेल ते आधी सांगितलं. मी उमेदवारांना नेहमी हे पत्र आठवायला सांगते, कारण आपल्याकडे येणारे बहुतेक अर्ज याच्या उलट क्रमाने लिहिलेले असतात.

ऑनलाइन जगात आपण त्याच्याही पुढे जाऊ शकतो. काय करता येतं हे नुसतं लिहिण्याऐवजी त्याचा एक छोटा नमुना करून पाठवता येतो. माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगाची ही एकच गोष्ट आहे, त्यामुळे ती सविस्तर सांगते.

एक कंपनी निवडा, जिथे तुम्हाला मनापासून काम करायचं आहे. तिची एखादी अडचण शोधा, पण फक्त जाहीर माहितीवरून. जागा पुष्कळ आहेत. कंपनीचं अ‍ॅप असेल तर एक आणि दोन तारे दिलेले रिव्ह्यू वाचा. लोक तिथे काय जमत नाही ते अगदी स्पष्ट लिहितात. मदतीचं पान वाचा आणि नवख्या ग्राहकाच्या नजरेने एखादी गोष्ट तिथून करून पाहा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिच्या वार्षिक अहवालात जोखमींचा भाग असतो, तो वाचा. तिथल्या लोकांची भाषणं किंवा मुलाखती असतील तर ऐका. एकच पद पुन्हा पुन्हा जाहिरातीत येत असेल तर त्या विभागात माणसं टिकत नाहीत, किंवा काम झपाट्याने वाढतं आहे. दोन्ही गोष्टी कळलेल्या बऱ्या.

मग त्या अडचणीच्या एका लहान तुकड्यावर काम करा. ग्राहकसेवेच्या एका जागेसाठी एका मुलीने आमच्याकडे असाच नमुना पाठवला होता. तिने त्या अ‍ॅपचे अलीकडचे नाराज रिव्ह्यू वाचून त्यांचे तीन गट केले होते: पैसे परत मिळण्यातला उशीर, पासवर्ड बदलताना येणारी अडचण आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेली ऑर्डर. प्रत्येक गटासाठी तिने ग्राहकाला पाठवायचं एक उत्तर लिहिलं होतं आणि शेवटी मदतीच्या पानावरचा एक परिच्छेद सोप्या भाषेत नव्याने मांडला होता. सगळं मिळून एक पान. आधीच्या नोकरीचा अनुभव तिच्याकडे फारसा नव्हता, पण ते पान वाचल्यावर विभागप्रमुखांनी मला पहिला प्रश्न विचारला तो तिला कधी बोलावता येईल हा.

नमुना करताना काही पथ्यं पाळा. एका संध्याकाळीत होईल एवढाच करा. तुम्ही फुकट नोकरी करायला निघालेला नाही, आणि पूर्ण आराखडा देऊन टाकण्याची गरजही नाही. आधीच्या कंपनीची कोणतीही गोपनीय फाइल, आकडा किंवा ग्राहकाचं नाव त्यात येता कामा नये. जो माणूस जुन्या मालकाची माहिती मला दाखवतो, तो उद्या आमचीही दुसऱ्याला दाखवेल, हा विचार समोरच्याच्या मनात येतोच. सूर सांभाळा. 'तुमच्या वेबसाइटमध्ये सात चुका आहेत' अशी सुरुवात वाचून कोणीही दुखावतं, कारण ती वेबसाइट करणारा माणूस बहुतेकदा तेच पत्र वाचत असतो. याउलट असं लिहिता येईल:

'नमस्कार. तुमचं अ‍ॅप मी गेलं वर्षभर वापरते आहे. पैसे परत मिळण्याबद्दल ग्राहक वारंवार विचारतात असं रिव्ह्यूंमध्ये दिसलं, म्हणून त्यासाठी उत्तराचे तीन नमुने तयार केले आहेत. आतल्या अडचणी मला माहीत नाहीत, त्यामुळे काही सुटलं असेल. तुमच्या सपोर्ट टीममध्ये काम करायला मला आवडेल. पान सोबत जोडलं आहे.'

हे पत्र एचआरच्या सामायिक ईमेलवर न पाठवता त्या विभागाच्या प्रमुखाला पाठवा. लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर 'पीपल' हा भाग असतो, तिथे पद टाकून माणूस सापडतो. रीतसर अर्जही करा आणि तो केल्याचं पत्रात सांगा, म्हणजे आम्हाला दोन्ही जोडता येतात.

आता माझ्याकडे हमखास येणारी शंका: 'आमच्या कामात दाखवण्यासारखं काही नसतं.' असतं. हिशेबनीस काल्पनिक आकडे घालून महिनाअखेरच्या ताळमेळाची एक्सेल फाइल बनवू शकतो. सूत्रं नीट, रंगांचा अर्थ लिहिलेला, चूक कुठे सापडली ते दाखवणारी. शिक्षिका एका अवघड पाठाची तासाची आखणी ठेवू शकते. परिचारिकेने रुग्णाबद्दल एक अक्षरही लिहू नये, पण पाळी बदलताना काय काय सांगायचं याची स्वतः तयार केलेली कोरी यादी ती दाखवू शकते. दुरुस्तीचं काम करणारा माणूस मालकाची परवानगी घेऊन आधीचे आणि नंतरचे फोटो लावू शकतो. फोटोखाली बिघाड काय होता आणि तो कसा ओळखला हे दोन ओळींत लिहा, कारण आम्हाला तुमची विचार करण्याची पद्धत त्याच दोन ओळींतून कळते.

हे ठेवायचं कुठे? प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी कोड ठेवायची गिटहब ही साइट आहे. तिथे तुमच्या युजरनेमच्याच नावाची सार्वजनिक रिपॉझिटरी (प्रकल्पाचं फोल्डर) करून त्यात रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल ठेवली की तिचा मजकूर थेट प्रोफाइलच्या वर दिसतो. शिवाय सहा रिपॉझिटरी पिन करता येतात. सहा नसतील तर दोनच करा, पण प्रत्येकीत ही काय आहे, का केली आणि कशी चालवायची हे लिहिलेलं असू दे. नुसता कोड टाकून ठेवला तर माझ्यासारखी माणसं आतच शिरू शकत नाहीत, आणि पहिली चाळणी आम्हीच लावतो. डिझायनरांसाठी बिहान्स आणि ड्रिबल आहेत, पण तिथे फक्त शेवटचं देखणं चित्र न लावता टाकून दिलेले दोन पर्यायही दाखवा. बाकीच्यांसाठी लिंक्डइनचा 'फीचर्ड' भाग किंवा कोणालाही उघडेल असं एखादं गुगल डॉक पुरतं. लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत, म्हणजे तुमचं लॉगइन नसलेल्या विंडोत, उघडून पाहा. 'परवानगी मागा' असं लिहिलेलं पान समोर येणं, हे माझ्या बाबतीत फार वेळा घडतं, आणि परवानगी मिळेपर्यंत मी पुढच्या अर्जावर गेलेली असते.

लक्ष वेधण्याच्या करामती

2010 मध्ये ॲलेक ब्राउनस्टीन या जाहिरात-लेखकाची गोष्ट गाजली. आपण स्वतःचं नाव गुगलवर शोधतो तसं न्यूयॉर्कमधले नामवंत क्रिएटिव्ह डायरेक्टरही शोधत असणार, असा त्याने अंदाज बांधला. त्यांच्या नावांवर त्याने गुगलच्या जाहिराती विकत घेतल्या. नाव शोधलं की वर ब्राउनस्टीनचा निरोप: स्वतःला गुगल करणं मजेचं आहे, मला नोकरी देणंही मजेचं आहे. एकूण खर्च सहा डॉलर आला आणि त्यातून त्याला यंग अँड रुबिकम या एजन्सीत नोकरी मिळाली.

लोक या गोष्टीतून धाडस उचलतात. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. नेमक्या माणसापर्यंत कमी शब्दांत आणि कमी पैशांत पोहोचणं हे तर जाहिरात-लेखकाचं कामच आहे. म्हणजे ती करामत हाच त्याच्या कामाचा नमुना होता. 2013 साली फिलिप द्युबोस्त याने आपला रेझ्युमे ॲमेझॉनवरच्या वस्तूच्या पानासारखा बनवला, आणि तोही वेब प्रॉडक्टच्या क्षेत्रातलाच होता. तेव्हा काही वेगळं करावंसं वाटलं तर स्वतःला एवढंच विचारा: हे पाहून माझं रोजचं काम कसं असेल ते समोरच्याला कळेल का? कळत असेल तर जरूर करा. कळत नसेल तर तोच वेळ वर सांगितलेल्या एका पानाच्या नमुन्याला द्या.

विसरलेल्या ओळखी

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये 'दुबळ्या संबंधांची ताकद' या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं होतं की ज्याने ही बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणारे जेमतेम 16.7 टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के आणि क्वचितच भेटणारे 27.8 टक्के. कारण सोपं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, दूरची ओळख मात्र वेगळ्या वर्तुळातली बातमी आणते. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यातही मध्यम दुबळ्या ओळखी नोकरी बदलण्यात सर्वात उपयोगी ठरल्या.

म्हणून यादी करा ती जुन्या सहकाऱ्यांची, प्रशिक्षणात भेटलेल्यांची, कंपनी सोडून गेलेल्या वरिष्ठांची. खूप दिवसांनी लिहिताना अनेकांना संकोच वाटतो, 'कामापुरती आठवण आली' असं समोरच्याला वाटेल म्हणून. तो संकोच मला समजतो, पण मेसेज प्रामाणिक असेल तर बहुतेक लोक आनंदाने उत्तर देतात. 'माझ्यासाठी काही जागा आहे का बघ' असं लिहू नका, कारण त्याला 'नाही' म्हणावं लागलं की संभाषण तिथेच संपतं. माहिती विचारा: 'तुमच्याकडे खरेदी विभागात सध्या कोणती पद्धत वापरतात? मी त्याच कामात नवी नोकरी शोधतो आहे. दहा मिनिटं बोलता येईल का?' शेवटी स्वतःबद्दल तिसऱ्या पुरुषात दोन ओळी लिहून ठेवा, 'यांनी अमुक वर्षं खरेदीचं काम केलं आहे, तमुक त्यांना चांगलं येतं' अशा. त्या जशाच्या तशा पुढे पाठवता येतात. शब्द जुळवायचे कष्ट वाचले की माणूस तुमचा निरोप आजच पुढे पाठवतो.

जाहिरात दिसण्याआधी

अनेक कंपन्यांच्या जागा आधी त्यांच्या स्वतःच्या पानावर लागतात आणि नंतर मोठ्या जॉब साइटवर येतात. ग्रीनहाउस आणि लेव्हर ही भरतीची सॉफ्टवेअर पुष्कळ कंपन्या वापरतात. गुगलवर वर सांगितल्याप्रमाणे 'साइट' लिहून त्यांचा पत्ता आणि तुमचं पद टाकलं तर विखुरलेल्या जाहिराती एकत्र दिसतात. गुगलच्या 'टूल्स' मधून गेल्या आठवड्यातलेच निकाल मागा. निवडक कंपन्यांच्या नावाने गुगल अलर्ट लावा, म्हणजे त्यांची नवी बातमी ईमेलवर येते. नवी शाखा, नवी गुंतवणूक किंवा नवा विभागप्रमुख अशी बातमी आली की पुढच्या काही महिन्यांत माणसं लागणार हे धरून चाला आणि तेव्हाच पत्र पाठवा.

फसवणुकीपासून जपा

नाव इंटरनेटवर दिसायला लागलं की चोरही तुम्हाला शोधतात. खरा मालक नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही, ना नोंदणीचे, ना प्रशिक्षणाचे, ना लॅपटॉपच्या अनामत रकमेचे. मुलाखत न घेता आलेलं नेमणूकपत्र, फक्त टेलिग्रामवर बोलणारा 'एचआर', कंपनीच्या नावात एक अक्षर बदललेला ईमेल पत्ता: यांतलं काहीही दिसलं तर थांबा आणि कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर शोधून विचारा. जाहीर रेझ्युमेवर घरचा पत्ता, जन्मतारीख आणि ओळखपत्राचा क्रमांक कधीच टाकू नका. भरतीच्या पहिल्या टप्प्यात आम्हाला त्यांची गरज नसते.

पाठपुरावा

उत्तर आलं नाही तर साधारण आठवड्यानंतर एकदा आठवण करून द्या, जुन्याच ईमेलच्या धाग्यात, म्हणजे आधीचं पत्र खाली दिसतं. 'माझ्या अर्जाचं काय झालं' याऐवजी काहीतरी नवं जोडा: सुधारलेला नमुना, किंवा त्यांच्या नव्या घोषणेबद्दल एक वाक्य. त्यानंतरही शांतता असेल तर त्या कंपनीतली दुसरी व्यक्ती शोधा. कोणाला कधी काय पाठवलं याची साधी एक्सेल ठेवा, नाहीतर एकाच माणसाला एकच गोष्ट दोनदा जाते.

नकार आला तर दोन ओळींचं उत्तर नक्की लिहा: वेळ दिल्याबद्दल आभार आणि पुढे जागा निघाली तर कळवा. निवडलेली व्यक्ती ऐनवेळी रुजू होत नाही असं आमच्याकडे नेहमी घडतं. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या आणि सौजन्याने उत्तर दिलेल्या माणसाला फोन करणं मला सर्वात सोपं जातं.

नोकरी मिळाली की 'ओपन टू वर्क' बंद करा, अलर्ट काढून टाका आणि एखाद्या कंपनीसाठी केलेले नमुने जाहीर पानावरून हटवा. तुमचा निरोप ज्यांनी पुढे पाठवला त्या प्रत्येकाला कुठे रुजू झालात ते नावानिशी कळवा. तुमच्यासाठी शब्द टाकणाऱ्यांना पुढे काय झालं हे सहसा कोणी सांगतच नाही.